पाच गावे आणि चौदा वर्षे

स्वातंत्र्य, शांतता आणि विकास या तिन्ही गोष्टी राष्ट्राने एकाच वेळी साधाव्यात, अशी अपेक्षा आपण सहज बाळगतो. सभेत हे तीन शब्द एका दमात उच्चारले जातात आणि श्रोते टाळ्याही वाजवतात. परंतु व्यवहारात असे प्रसंग येतात, की एकाला हात घालावा तर दुसरे निसटते. अशा वेळी कोणाला किती काळ थांबवावे, आणि थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न केवळ राजकारणाचा राहात नाही. तो धर्माचा होतो. धर्म हा शब्द आम्ही येथे पूजाविधीच्या अर्थाने नव्हे, तर कर्तव्याकर्तव्याचा विवेक या जुन्या अर्थाने वापरीत आहो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्हां वडगावकरांना दूर जावे लागत नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी बेळगावात तिरंगा फडकला. तेथून पश्चिमेस शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर असलेल्या पणजीत मात्र पोर्तुगालचा ध्वज तसाच राहिला, आणि तो १९ डिसेंबर १९६१ रोजी उतरला. मध्ये चौदा वर्षे आणि चार महिने गेले. या काळात स्वतंत्र भारताने जगाला शांततेचा संदेश दिला, दोन पंचवार्षिक योजना पार पाडल्या, १९५७ साली हिराकूड धरणाचे उद्घाटन केले, १९५९ साली भिलाईची भट्टी पेटवली. आणि गोमंतक थांबला. ते थांबवणे योग्य होते काय?

आमच्या परिसराचे गोव्याशी असलेले नाते केवळ शेजाराचे नाही. लोंढा, कॅसलरॉकवरून मुरगाव बंदराकडे उतरणारा लोहमार्ग १८८८ साली पुरा झाला, आणि तेव्हापासून माल, माणसे आणि सोयरिकी त्या वाटेने जात-येत राहिल्या. बेळगाव, शहापूर, वडगाव या भागांत अशी कितीतरी घरे आहेत, की ज्यांची भाकरी येथली, पण कुलदैवत तिकडे : कोणाचा श्रीमंगेश, कोणाची श्रीशांतादुर्गा, कोणाची श्रीम्हाळसा. १९५५ साली सीमा बंद झाली आणि आगगाडी थांबली, तेव्हा या घरांतील कुळाव्यांची कुलदैवताच्या दर्शनाची वाटही दुर्घट झाली. नवस फेडायचा राहिला म्हणून देव्हाऱ्यात पश्चिमेकडे तोंड करून नारळ ठेवल्याच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून ऐकल्या आहेत. सांगताना त्यांच्या स्वरात राग नसे. पण नारळ किती वर्षे बदलत राहावा लागला, हे त्यांना नेमके आठवत असे.

या कुलदैवतांचा इतिहासच आमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सुचवतो. सोळाव्या शतकात साष्टीत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा आपल्या पूर्वजांनी श्रीमंगेशाला कुठ्ठाळीहून प्रियोळास नेले, शांतादुर्गेला केळोशीहून कवळ्यास, म्हाळसेला वेर्ण्याहून म्हार्दोळास. नदीपलीकडचा तो अंत्रुज महाल त्या वेळी पोर्तुगीजांच्या हाती नव्हता; विजापूरच्या आदिलशाहीच्या छायेत होता. ते लढले नाहीत. देव घेऊन निघून गेले. याला पराभव म्हणावे की विवेक? आमच्या मते तो विवेक होता, आणि याचे कारण एकच : त्या शांततेची किंमत त्यांनी स्वतः दिली. त्यांनी घरे सोडली, कुळागरे सोडली, पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन सोडली. दुसऱ्या कोणाला पुढे करून त्यांनी आपला देव वाचवला नाही. जो स्वतःच्या पाठीवर ओझे घेऊन शांतता निवडतो, त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु शांतता एकाने निवडावी आणि ओझे दुसऱ्याने वाहावे, असे झाले तर? महाभारताच्या उद्योगपर्वात हाच प्रश्न उभा राहतो. युद्ध टळावे म्हणून युधिष्ठिर राज्यावरील हक्क बाजूला ठेवून केवळ पाच गावांवर समाधान मानावयास तयार होतो. भीमासारखा भीमही शमाची भाषा बोलू लागतो. श्रीकृष्ण शिष्टाईला निघतात. सारे काही शहाणपणाचे चालले आहे. तेवढ्यात द्रौपदी पुढे येते, आपले मोकळे केस हातात धरते, आणि संधीची बोलणी करताना यांची आठवण ठेवा, असे कृष्णाला सांगते. ती शिष्टाई थांबवीत नाही. कृष्णही शिष्टाई रद्द करीत नाहीत. पण ज्यांची विटंबना झाली त्यांचे दुःख विसरून केलेला तह हा तह नव्हे, एवढे ती त्या सभेला बजावते. पाच गावांची उदारता युधिष्ठिराला शोभते खरी. परंतु द्यूतसभेत ओढले गेले होते ते द्रौपदीला. शांततेचा हिशोब मांडताना तिचा आवाज त्यात असलाच पाहिजे.

आता गोव्याकडे वळू. पंडित नेहरूंनी लष्कर लगेच का पाठवले नाही, असा आक्षेप त्या काळी पुष्कळांनी घेतला आणि आजही घेतला जातो. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादेत जे झाले ते गोव्यात का होऊ नये? या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते दुबळे नाही. हैदराबाद हे देशाच्या पोटातले संस्थान होते. गोवा परकीय राष्ट्राच्या ताब्यात होता, आणि ते राष्ट्र १९४९ पासून नाटो या लष्करी संघटनेचे संस्थापक सदस्य होते. फाळणीची जखम ओली होती, काश्मीरचा प्रश्न पेटलेला होता, धान्याची टंचाई होती. शिवाय शांततेने मार्ग निघतो याचा पुरावाही जवळच होता. फ्रान्सने पाँडिचेरीच्या बाबतीत बोलणी केली. ऑक्टोबर १९५४ मध्ये तेथील लोकप्रतिनिधींपैकी १७८ जणांनी मतदान केले, १७० मते भारताच्या बाजूने पडली, आणि १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला. एका परकीय सत्तेशी जे साधले ते दुसरीशी साधेल, अशी आशा धरणे हा भोळेपणा नव्हता.

पण समोरचा पक्ष डॉ. सालाझारांचा होता. १९५१ साली पोर्तुगालने घटनेत दुरुस्ती करून आपल्या वसाहतींना सागरपार प्रांत असे नाव दिले. वसाहतच नाही म्हटल्यावर सोडायचे काय? बोलण्यास जागाच उरली नाही, तेव्हा भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. पुढच्या वर्षी दादरा व नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला, की पोर्तुगीज लष्कराला भारतीय भूमीतून तेथे जाण्याचा हक्क नाही. त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला आणि पोर्तुगालच्या परतंत्र प्रदेशांच्या यादीत गोव्याचे नाव घातले. दरवाजे एकामागून एक ठोठावले जात होते, यात शंका नाही. शिष्टाई खरी होती.

परंतु या चौदा वर्षांचे ओझे कोणाच्या पाठीवर होते? १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हापासून गोमंतकीय माणूस तुरुंगात जातच होता. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. ते पुढे मुंबईत आले, पण १९५८ साली मुक्तीचा दिवस न पाहताच वारले. मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे आणि पंचाहत्तरीला टेकलेले सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र माणसे सीमा ओलांडून गेली; पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि वीसांहून अधिक सत्याग्रही मेले. पत्रादेवीला पडलेले कर्नैलसिंग बेनिपाल पंजाबातून आलेले तरुण शिक्षक होते. त्यानंतर भारत सरकारने सामुदायिक सत्याग्रह थांबवला, सीमा बंद केली आणि आर्थिक नाकेबंदी कडक केली.

नाकेबंदी हे शांततेचे शस्त्र मानले जाते, कारण तिच्यात रक्त सांडत नाही. पण तिचा वार कोठे बसला ते पाहावे. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकराला घरी पैसे पाठवणे कठीण झाले. बाप इकडे आणि लेकरे तिकडे, अशी घरे दुभंगली. पोर्तुगीज सरकारने मात्र बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून आणि सिमेंट जपानहून आणले. लोहखनिजाची निर्यात वाढली होती, दाभोळीला विमानतळ झाला होता, तिजोरीत पैसा येत होता. म्हणजे ज्याला नमवायचे तो नमला नाही, आणि ज्याला सोडवायचे त्याची चूल मंदावली. स्वतंत्र भारताची शांतता खरी होती. पण तिच्या किमतीचा मोठा भाग परतंत्र गोवेकराच्या खात्यावर मांडला गेला. आमचे म्हणणे एवढेच आहे, की हे मांडले गेले असे स्वच्छ शब्दांत कबूल करावे.

वडगावच्या विणकराला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. मागावर ताणा ओढून बसवला जातो. ताण नसेल तर कापड होतच नाही. पण तो ताण सर्व धाग्यांवर सारखा यावा लागतो. काही धागे सैल आणि काही फार ओढलेले, असे झाले, की ओढलेले धागे तुटतात. पाहणाऱ्याला वाटते, सूतच कच्चे होते. राष्ट्राने धीर धरावा हे ठीक. परंतु धीराचा ताण काही थोड्यांच्याच वाट्याला आला, तर तुटणाऱ्याला दोष देता येत नाही. सांगलीचे मनोहर आपटे गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले आणि मोहन रानडे या नावाने सशस्त्र लढ्यात उतरले. १९५५ साली बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. गोवा १९६१ साली मुक्त झाला. रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. त्यांनी शस्त्र उचलले ते योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतील. पण स्वतः न तुटलेल्यांनी तो निवाडा जपूनच करावा.

विकासाचेही असेच. खाण चालते, बंदर चालते, पगार मिळतो, मग स्वातंत्र्य हवे कशाला, असे म्हणणारे त्या काळीही होते. त्या राजवटीत छापील मजकुरावर इतके कडक नियंत्रण होते, की लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी मंजूर करून घ्यावी लागे. वाचकहो, क्षणभर कल्पना करा : घरात मंगलकार्य आहे, कुलदेवतेचे नाव शिरोभागी घातलेली पत्रिका तयार आहे, आणि ती सरकारी अधिकाऱ्याच्या शिक्क्याची वाट पाहात आहे. अशा घरात चार पैसे अधिक आले म्हणून त्याला भरभराट म्हणता येईल काय? माणूस उपाशी असताना स्वातंत्र्य अपुरे असते, हे खरेच; पण ज्याला तक्रार करता येत नाही त्याची भरभराटही दुसऱ्याच्या मेहेरबानीवर असते.

तक्रारीचा हा आवाज जिवंत ठेवण्याचे काम दोन तरुण माणसांनी रानात बसून केले. नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून आणि पुढे कॅसलरॉकच्या परिसरातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे आकाशवाणी केंद्र चालवले. कोंकणी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांतून ते बोलत असे. सहा वर्षे हा आवाज बंद पडला नाही. एक सारस्वत, एक ख्रिस्ती. देऊळ आणि चर्च यांच्या पलीकडचे हे गोमंतकाचे दुःख होते. लिबियाबाईंना भारत सरकारने २०२५ साली पद्मश्री जाहीर केली. द्रौपदीचे मोकळे केस जसे शिष्टाईला विसरू देत नव्हते, तसा हा आवाज दिल्लीला विसरू देत नव्हता.

अखेर डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावच्या आसपास सैन्य जमा झाले. १८ तारखेला कारवाई सुरू झाली आणि १९ तारखेच्या रात्री गव्हर्नर जनरल वास्सालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. दोन्ही बाजूंचे मिळून मृत पन्नासाच्या आगेमागे होते. पकडलेले हजारो पोर्तुगीज सैनिक पुढील वर्षी सुखरूप मायदेशी परत पाठवले गेले. सुरक्षा परिषदेत भारताने माघार घ्यावी असा ठराव आला. त्याला सात मते मिळाली, आणि तो केवळ सोव्हिएत नकाराधिकारामुळे पडला. जगाला शांतता शिकवणाऱ्या राष्ट्राने शस्त्र उचलले, हा ठपका भारताला ऐकून घ्यावा लागला. आम्हांला वाटते, तो ऐकून घ्यावयासच हवा होता. शस्त्र उचलणे कधी अपरिहार्य होते, परंतु अपरिहार्य म्हणून ते पुण्य ठरत नाही. कुरुक्षेत्र जिंकल्यावर युधिष्ठिराने उत्सव केला नाही. तो शोक करीत बसला, आणि म्हणूनच तो धर्मराज.

या प्रकरणात पराभूत सेनानीचाही धडा आहे. सालाझारांची आज्ञा होती, की तह नाही, शरणागती नाही. विजयी तरी व्हा किंवा मरा. वास्सालो ई सिल्वांनी ती पाळली नाही. पाळली असती तर पणजी, मुरगाव, म्हापसे येथील किती निरपराध घरे उद्ध्वस्त झाली असती, याचा विचार करावा. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांचा मान त्यांना परत मिळाला. त्यांनीही शांतता निवडली, आणि किंमत स्वतः भरली. लिस्बनमध्ये बसून मरणाची आज्ञा देणारा आणि गोव्यात उभा राहून ती मोडणारा, या दोघांत देशाची सेवा कोणी केली?

यावरून आमचा निष्कर्ष वाचकांच्या ध्यानात आला असेल. नेहरूंचे थांबणे भ्याडपणाचे नव्हते, आणि ते निर्दोषही नव्हते. शिष्टाई करीत राहिले, तेवढ्यापुरते ते धर्म्य होते. ज्यांच्यावर ताण पडत होता त्यांना त्या निर्णयात पुरेसा आवाज मिळाला नाही, तेवढ्यापुरते ते उणे होते. स्वातंत्र्य, शांतता आणि विकास यांत पहिले कोणते, याचे सर्वकाळासाठी एकच उत्तर नाही. परंतु प्रत्येक वेळी विचारता येईल असा एक प्रश्न आहे : या थांबण्याची किंमत कोण देत आहे, आणि त्याला कोणी विचारले आहे काय?

स्वातंत्र्याने गोव्याला नेमके काय दिले, तर हा प्रश्न विचारण्याची सोय दिली. जानेवारी १९६७ मध्ये महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे, यावर गोवेकरांनी मतदान केले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. अनेक मराठीप्रेमींना, आमच्या भागातील कित्येकांनाही, तो निकाल कडू लागला. पण एकही गोळी न झाडता तो लागला आणि सर्वांनी तो मानला. ज्या खाणींनी परतंत्र गोव्याची तिजोरी भरली, त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र गोव्यातील नागरिक न्यायालयात जाऊ शकले, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. त्यात ज्यांची रोजी गेली त्यांचे दुःखही खरे आहे. पण तेही आपले गाऱ्हाणे उघडपणे मांडू शकतात. १९५५ साली हे मांडण्यास न्यायासन नव्हते.

आणि आता तो ताण पुन्हा आपल्याच उंबरठ्यावर आला आहे. म्हादई नदी आमच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावते आणि मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते. तिच्या पाण्याच्या वाटणीचा निवाडा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिला : कर्नाटकास १३.४२ अब्ज घनफूट, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३. समाधान कोणाचेच झाले नाही आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. आमच्या कोरड्या गावांना पाणी हवे, हे आम्ही येथे राहात असल्याने जाणतो. पण त्याच नदीच्या खालच्या अंगाला, तिच्याच काठच्या मुलखात, ज्यांच्या देवाला आपण कुलदैवत म्हणतो ती देवळे आणि ते भाऊबंद आहेत. आपला विकास त्यांच्या खात्यावर मांडला जात नाही ना, हे आम्ही विचारले पाहिजे. आणि त्यांनीही आमच्या घागरींचा विचार केला पाहिजे. चौदा वर्षे जो प्रश्न दिल्लीला विचारण्याचा आम्हांला हक्क होता, तो आज स्वतःला विचारण्याचे धैर्य आम्हांत आहे काय?

आषाढात वडगावला मंगाईदेवीची यात्रा भरते. त्या दिवसांत माणसे दुरून येतात, आणि घरचे यजमान आधी पाहुण्याला पाट देतात, मग स्वतः बसतात. राष्ट्राराष्ट्रांच्या आणि प्रांताप्रांतांच्या व्यवहारात याहून वेगळा धर्म असेल असे आम्हांला वाटत नाही. पंक्तीत शेवटी कोण राहिले आहे ते आधी पाहावे, आणि मग पाण्याच्या भांड्याला हात लावावा.